तो डोंगर नाही

पुण्याहून मावसभाऊ सहकुटुंब आला होता. वेल्समधल्या कार्डिफचा किल्ला झाला, खाडीकाठ झाला, रग्बीचं स्टेडियम बाहेरून बघून झालं, तेव्हा म्हणाला, "आता तुझं गाव दाखव." म्हणून ट्रेहर्बर्ट मागे टाकून रिगोसच्या घाटात चढलो आणि माथ्यावर, आइस्क्रीमची गाडी उभी असते तिथे थांबलो. ऊन होतं, जे आमच्या ऱ्होंदा दरीत गृहीत धरायचं नसतं. खाली घरांच्या लांबच लांब रांगा, मधून बारकी नदी, दोन्ही बाजूंना हिरवेगार उतार आणि त्यांवर मेंढ्या. वहिनींनी एका गोल, गुळगुळीत टेकडीकडे पाठ करून फोटो काढून घेतला. भाऊ म्हणाला, "अगं, हे तर स्वित्झर्लंड! इतक्या सुंदर ठिकाणी राहून मावशी प्रत्येक पत्रात रडगाणं का लिहायची?" मी हसले, आइस्क्रीमचे पैसे दिले, गाडी वळवली. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. चिडण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. तो मनापासून कौतुक करत होता आणि जागा खरोखरच सुंदर आहे. तरी रात्री भांडी घासताना मी त्याच्याशी मनातल्या मनात कडाकडा भांडत होते.

वहिनींच्या फोटोतला तो डोंगर नाही. ती टिप आहे.

कोळसा काढताना त्याच्याबरोबर निघालेली दगडमाती, चुरा, चिखल असं सगळं नको असलेलं दोरखंडावरच्या पाळण्यांतून वर नेऊन डोंगराच्या खांद्यावर ओतत राहायचं, वर्षानुवर्षं. त्या ढिगाला आमच्याकडे टिप म्हणतात. माझ्या लहानपणी ती काळी कुळकुळीत होती आणि पाऊस पडला की चकाकायची. आता तिच्यावर गवत आहे. दरीचा मूळ रंग हिरवाच, हे मान्य करायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथे जेमतेम हजारभर माणसं राहात होती, आणि खार झाडावर चढली तर दरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जमिनीला पाय न लावता जाई, असं म्हातारे सांगायचे. त्या म्हाताऱ्यांच्या आज्यांनीही ती खार पाहिली नसणार, पण सांगायचे मात्र असं की काल परसात येऊन गेली. १८५५ साली ट्रेहर्बर्टहून कोळशाची पहिली गाडी कार्डिफ बंदराकडे निघाली, आणि १९२१ च्या जनगणनेत ऱ्होंद्याच्या दोन चिंचोळ्या दऱ्यांत एक लाख साठ हजारांवर माणसं होती. सपाट जमीन होतीच किती? नदी, रेल्वे, खाण यांनी तळ घेतला, घरं उतारावर चढली, आणि घरांच्याही वर टिप.

गावाचं नाव देत नाही. दिलं तर दरीतलं कुणीही पाच मिनिटांत सांगेल की मी कुठल्या डॉक्टरची मुलगी आणि कुणाच्या बोपाबद्दल, म्हणजे शेजारणीबद्दल, लिहिते आहे.

बाबा पुण्याच्या बी. जे.तून डॉक्टर होऊन १९६८ साली इथे आले. शल्यचिकित्सक व्हायचं होतं. पण मोठ्या इस्पितळांत वरच्या जागा कुणाला मिळायच्या हे लवकरच कळलं, आणि गोरे डॉक्टर जिथे जायला राजी नसत त्या खाणींच्या गावांत मात्र दारं उघडी होती. त्यामुळे आमच्या दरीत आणि शेजारच्या दऱ्यांत पुण्याचे, कराचीचे, ढाक्याचे, कोलंबोचे डॉक्टर दिसायचे. मला याची गंमत वाटते. ट्रेडीगर नावाच्या अशाच एका गावात खाणकामगार मजुरीतून दर आठवड्याला थोडे पेन्स कापून देत आणि त्यातून गावाचा डॉक्टर, गावाचं इस्पितळ चालत असे. तिथल्याच खाणकामगाराच्या मुलाने, अन्यूरिन बेवनने, ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाल्यावर ५ जुलै १९४८ ला तीच कल्पना देशभर लागू केली. आणि वीस वर्षांनी ती योजना तिच्या माहेरीच चालवायला पाटण तालुक्यातला माणूस आणावा लागला.

आई पहिल्यांदा आली तो दिवस ती मरेपर्यंत सांगायची. काय आठवायचं तर, रस्त्याच्या कोपऱ्यावर दहा-बारा पुरुष उकिडवे बसलेले. टोप्या, मफलर, गप्पा, आणि सगळे टाचांवर, भिंतीला पाठ लावून. आयुष्यभर कोळशाच्या बुटक्या थरात काम केल्यावर ती बैठक अंगात मुरते, हे तिला मागाहून कळलं. त्या क्षणी तिला एवढंच वाटलं की ही माणसं आपल्यासारखी बसतात, म्हणजे जमेल. नंतर पडवीतून मागे पाहिलं तर वर टिप. "हे काय आहे?" तिने विचारलं. बाबांनी सांगितलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती पाटणला माहेरी होती. भिंती हलताना तिने पाहिल्या होत्या. त्यानंतर वर्षही झालं नव्हतं आणि नवऱ्याने तिला राहायला आणलं ते असल्या ढिगाच्या पायथ्याशी.

अबरव्हॅनचं नाव बाबांनी तिच्यापासून जितके दिवस लपवता आलं तितके लपवलं. फार दिवस जमलं नाही. आमच्या दरीपासून ते गाव लांब नाही. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी, सव्वानऊच्या सुमाराला, तिथली सात नंबरची टिप घसरली आणि प्राथमिक शाळेवर आणि शेजारच्या घरांवर आली. १४४ जण गेले, त्यांत ११६ मुलं. ती टिप झऱ्यावर उभी केली होती. लोकांनी आधी तक्रारी केल्या होत्या, पत्रं लिहिली होती. चौकशी आयोगाने दोष नॅशनल कोल बोर्डावर ठेवला, पण नोकरी कुणाचीही गेली नाही. बाजूच्या उरलेल्या टिपा हलवा म्हणून गावाने टाहो फोडला, तर त्या खर्चासाठी जगभरातून लोकांनी पाठवलेल्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेतले गेले. मेलेल्या पोरांच्या नावाने आलेले पैसे. ते १९९७ मध्ये परत केले, तेवढेच, दमडीचं व्याज नाही. दहा वर्षांनी वेल्सच्या सरकारला लाज वाटली आणि त्याने मोठी रक्कम दिली. हे लिहितानाही माझा हात जड होतो आणि मला ते नीट समतोल राखून सांगता येत नाही.

आईने यावर तोडगा काढला तो असा. पाऊस सलग तीन-चार दिवस लागला की ती आम्हा दोघा भावंडांच्या गाद्या मागच्या खोलीतून काढून पुढच्या, रस्त्याकडच्या खोलीत टाकायची. टिप मागच्या बाजूला. पुढच्या खोलीत झोपल्याने काय वाचणार होतं, हे बाबांनी तिला एकदाच विचारलं. दाराशी एक रेक्झिनची पिशवी कायम भरलेली असे: पासपोर्ट, दागिने, आमचे जन्मदाखले, मेणबत्त्या, पार्ले बिस्किटांचा पुडा. तो पुडा आम्ही दर वेळी लंपास करायचो. आणि पत्रांतलं रडगाणं म्हणाल तर पाऊस हेच असायचं. पुण्याच्या मावशीला, भावाच्या आईला, वाटायचं, हिला थंडी सोसत नाही.

शेजारीण बोपा. आमच्या दरीत शेजारच्या थोरल्या बाईला, नात्याची नसली तरी, बोपा म्हणतात, आणि तिला सगळे अधिकार असतात. ती दार न वाजवता मागच्या दाराने यायची, आईच्या डब्यात हात घालून चिवडा खायची, मला "बाच" म्हणून जवळ ओढायची. तिच्या अंगाला कोळशाच्या धुराचा आणि कार्बॉलिक साबणाचा वास यायचा. रोज सकाळी ती पायरी आणि पायरीपुढचा फुटपाथ गुडघ्यांवर बसून घासायची. सरकारी फुटपाथ, पण तिचा तुकडा शेजारच्या तुकड्यापेक्षा पांढरा दिसलाच पाहिजे. तिने आईला बिडाचा जाड सपाट तवा दिला. त्यावर त्या लोकांचे बेदाणे घातलेले वेल्श केक होतात, आणि पन्नास वर्षं आमच्या पोळ्या झाल्या. तो तवा उचलायला दोन्ही हात लागतात. मधोमध किंचित खोलगट झाला आहे आणि तिथे पोळी नेहमी आधी फुगते. कडेला एक खाच आहे. बोपाच्या सासूने तो संतापाने जमिनीवर आपटला होता म्हणे, १९२६ च्या संपात, करायला पीठच नव्हतं तेव्हा. आमच्या स्वयंपाकघरात दरीचा इतिहास एवढाच होता, पण तो रोज हाताळला जायचा.

दर काही आठवड्यांनी खाणकामगारांच्या दारात फुकटचा कोळसा येई. ट्रक यायचा आणि टनभर कोळसा सरळ रस्त्यावर ओतून निघून जायचा. मग तो बादल्यांनी घरातून मागच्या कोळशाच्या खोलीत न्यायचा, जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरून. ज्या घरातल्या पुरुषाला डस्टचा आजार असेल, त्याच्या घरचा कोळसा गल्लीतली पोरं वाहायची. मीही वाहिला आहे. हातांना येणारा तो थंड, लोखंडासारखा वास अजून आठवतो. डॉक्टरला कोळसा मिळायचा नाही, नियमच तसा. तरी हिवाळ्यात सकाळी मागचं दार उघडलं की कधी कधी एक पोतं ठेवलेलं असे. बाबा चिडायचे, कुणाचं आहे ते परत न्या म्हणून गल्लीत सांगून यायचे. कुणाचंच नसे. दोन दिवस ते पोतं तसंच राही आणि तिसऱ्या दिवशी आई ते जाळायला घेई.

डस्ट म्हणजे फुप्फुसात साठलेली कोळशाची धूळ. रोगाला लांबलचक नाव आहे, पण बाबांच्या वेटिंग रूममध्ये मी ते कधी ऐकलं नाही. वेटिंग रूम म्हणजे आमच्याच घराची बैठक. मधलं दार लोटलं की दवाखाना. शाळेतून आले की मी जिन्याच्या पायरीवर बसून गृहपाठ करायची आणि पलीकडून श्वास ऐकू यायचे. बोलणं नाही, नुसते श्वास, एक-एक माणूस ओळखू येई इतके वेगळे. बोलणं असलंच तर टक्क्यांचं. कार्डिफच्या वैद्यकीय पॅनेलपुढे एक्स-रे नेऊन दाखवायचा, मग ते ठरवणार तुमची छाती किती टक्के गेली, आणि त्यावर पैसे. "त्याला तीस दिले." "याला पन्नास." मी सात-आठ वर्षांची, शाळेत मलाही टक्के मिळायचे, त्यामुळे हे पुरुष कसली तरी परीक्षा देतात असाच माझा समज. चूकही नव्हतं. जास्त मिळाले की घरात आनंद, कमी मिळाले की तोंडं उतरलेली. एक जण एकदा बाबांना म्हणाला ते मी ऐकलं: "डॉक्टर, दहाच टक्के दिले. मला जिना चढवत नाही आणि दहाच टक्के." तो रडवेला झाला होता. आपली छाती पुरेशी खराब नाही म्हणून.

बोपाच्या नवऱ्याला तीस होते. शेवटची दोन वर्षं त्याचा पलंग खाली पुढच्या खोलीत आणला होता, रस्त्याकडच्या खिडकीशी. येणाजाणाऱ्याला तो एक बोट वर करून सलाम करायचा. हात उचलण्याएवढी हवा छातीत नव्हती. तो गेला त्या रात्री बाबा तिथेच होते. पहाटे ते घरी आले नाहीत, तसेच बोपासमोर बसून राहिले, कारण त्यांना तिला एक गोष्ट विचारायची होती. तो डस्टने गेला असं सिद्ध झालं तरच तिला पैसे मिळणार, आणि सिद्ध व्हायला शवविच्छेदन करून फुप्फुसं पॅनेलकडे पाठवावी लागणार. बोपा म्हणाली, "चाळीस वर्षं त्या लोकांनी त्याला वापरला. आता तुकडेही त्यांनाच देऊ?" बाबांनी हे आईला सांगितलं, आईने कित्येक वर्षांनी मला. बाबा काय म्हणाले ते दोघांनीही सांगितलं नाही. दुपारपर्यंत बोपा तयार झाली होती. पुढे पैसे मिळाले, त्यातून तिने नवीन स्वयंपाकघर केलं, आणि बाबांशी ती पूर्वीसारखंच बोलायची. पूर्वीसारखंच, म्हणजे जवळजवळ. चिवडा खायला यायची, पण बाबा घरात नसतील तेव्हा. मला आजही कळत नाही की ती बाबांना दोष देत होती की त्यांच्याकडे पाहिलं की तिला ती सकाळ आठवत होती. त्या दरीत डॉक्टरवर जीव लावणारे लोक होते, आणि त्याच डॉक्टरच्या सहीशिवाय त्यांच्या मरणालाही किंमत नव्हती. या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. मी करून पाहिल्या आहेत.

अंत्ययात्रेला बायका जात नसत. वर्तमानपत्रात छापूनच यायचं, फक्त पुरुषांसाठी. रस्ताभर काळे कोट आणि घराबाहेर उभं राहून गायलेली स्तोत्रं, चार सुरांत, कुणी न शिकवता बरोबर लागणारी. त्या गाण्याने खिडकीची काच थरथरायची, मी तिला बोट लावून पाहिलं आहे. आत स्वयंपाकघरात बायका पावाला लोणी लावत होत्या, हॅम कापत होत्या. आई लोणी लावायच्या बाजूला. ती माझ्या कानाशी म्हणाली, "इथेही तेच. जायचं पुरुषांनी, रांधायचं आपण." वैतागली होती की तिला त्यात बरं वाटत होतं, कुणास ठाऊक. बाबा मात्र पहिल्या रांगेत गेले. त्यांना स्तोत्राचे शब्द येत नव्हते, नुसते ओठ हलवत होते.

मग १९८४ चा खाणकामगारांचा संप. मार्च ते मार्च, वर्षभर. त्यावर इतकं लिहिलं गेलं आहे की मी फक्त डाळीचं सांगते. संपकऱ्यांच्या घरांसाठी बायकांनी वर्कमेन्स हॉलमध्ये शिध्याच्या पिशव्या भरायला घेतल्या, तर आईने कार्डिफहून आणलेलं तूरडाळीचं अख्खं पोतं देऊन टाकलं. आठवड्याने तिघी जणी दारात. डाळ दोन तास उकळली, आता हिचं काय करायचं? आई त्यांच्याबरोबर हॉलमध्ये गेली आणि आमटी केली, तिखट अगदी बेताने. पुरुषांनी ती सूप म्हणून प्यायली. टिपेवर माणसं पुन्हा चाळण्या घेऊन कोळशाचे तुकडे वेचू लागली होती, १९२६ मध्ये त्यांचे आजे वेचायचे तशी. आईला ते दिसायचं आणि ती खिडकी बंद करायची. संप हरला. १९९० च्या डिसेंबरात मार्डीची खाण बंद झाली आणि ऱ्होंद्यात एकही खाण उरली नाही.

आणि मग हिरवं झालं. म्हणजे सुरुवात आधीच झाली होती. अबरव्हॅननंतर, १९६९ साली, टिपांच्या सुरक्षिततेचा कायदा आला; उतार कमी करा, पाणी काढून द्या, गवत पेरा. भावाला जे स्वित्झर्लंड वाटलं त्यातला बराचसा भाग असा कायद्याने आणि बुलडोझरने घडवलेला आहे. माझा राग त्याच्यावर नव्हता हे आता कळतं. राग गवतावर होता. ते इतकं छान उगवलं की काही विचारावंसंच वाटू नये. पण मग काय हवं होतं मला? टिपा काळ्याच ठेवायच्या होत्या, पाहुण्यांना दाखवायला? त्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या कुणाला विचारा. बोपा तर म्हणायची, नदीत मासे आले, आता मरायला हरकत नाही. माझं दुःख शहरात राहायला गेलेल्या माणसाचं आहे, आणि ते फुकट असतं.

फेब्रुवारी २०२० मध्ये डेनिस वादळाच्या पावसात शेजारच्या दरीत टायलर्सटाउनला टिप घसरली. कुणीतरी घेतलेला व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला: हिरवा उतार फाटतो आणि आतून तेच काळं बाहेर येतं, नदीपर्यंत. माणूस एकही गेला नाही. मग सरकारने मोजणी केली, तर वेल्सभर अडीच हजारांवर टिपा निघाल्या. २०२४ च्या नोव्हेंबरात पुन्हा एक घसरली, क्युमटिलरी गावात.

बोपाची मुलगी अजून त्याच घरात राहते. आता गल्लीतली पोरं तिलाच बोपा म्हणतात. क्युमटिलरीची बातमी ऐकून मी तिला फोन केला. म्हटलं, काही दिवस कार्डिफला ये, खोली रिकामीच आहे. ती म्हणाली, "कशाला? आमची टिप वरच्या वर्गातली आहे, धोक्याच्या. वर्षातून दोनदा इंजिनियर येतात, यंत्रं लावलीत, ओल मोजतात, कागदावर लिहून घेतात. आणि माझ्या गुडघ्याला तपासायला कुणी येईना, वेटिंग लिस्टवर किती काळ पडले आहे बघ. तुझे बाबा असते तर त्यांना म्हटलं असतं, मलाही टिप म्हणून नोंदवा."